बफरमध्ये पॉलिमर घातल्याने पीक्स खरंच सुटे होतात का?

तुम्ही विचारलंय की कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (केसासारख्या बारीक काचनळीत विजेच्या दाबाने पदार्थ वेगळे करण्याची पद्धत) दोन औषधांचे पीक्स, म्हणजे ग्राफवरचे उंचवटे, चिकटून येतात, पुढे न्यूक्लिओटाइडही (डीएनए-आरएनएचे घटक) करायचेत, तर नळीतल्या बफर द्रावणात पॉलिमर घालून फायदा होतो का.

होतो. "त्याने बफर घट्ट होतं आणि पीक उशिरा येतो, एवढंच" असं सांगणाऱ्यांनी कॅपिलरीच्या भिंतीचा विचारच केलेला नसतो.

मी बेळगावात एम.फार्म. करत होते, खानापूरहून जाऊन-येऊन. क्लोरफेनिरामाइन या ॲलर्जीच्या औषधाच्या पीकला ही लांब शेपूट! गाइड सरांचं एकच, कोटेड कॅपिलरी (आतून लेप दिलेली नळी) मागवा. त्याला पैसे कोण देणार? शेजारच्या लॅबमध्ये गोळ्यांच्या कोटिंगसाठी एचपीएमसीची (सेल्युलोजपासून बनवलेलं पॉलिमर) बरणी होती, त्यातलीच चिमूटभर घेतली. ही भुकटी थंड पाण्यात टाकली की पिठल्यासारख्या गुठळ्या होतात. गरम पाण्यात ती विरघळत नाही, म्हणून आधी ८० अंशांच्या पाण्यात भुरभुरवून पांगवायची, मग ढवळत गार करायची. गढूळ पाणी डोळ्यांदेखत नितळ होतं. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून चालवलं. शेपूट आखडली, शेजारचा पीक तळापासून सुटला.

सर म्हणाले, "काय गं हे, गोळीचं सामान मशीनमध्ये?" थीसिसमधली ती पानं काढायला लावली. मला ते आजही पटलेलं नाही.

काचेच्या भिंतीवरच्या सिलॅनॉल गटांवर (सिलिकॉनला जोडलेले ओएच गट) ऋण भार असतो. बेसिक औषध धन भाराचं, ते भिंतीला चिकटतं. त्याच भारामुळे सगळं बफर कॅथोडकडे (ऋण टोकाकडे) वाहत सुटतं आणि औषधांना वेगळं व्हायला वेळ मिळत नाही. एचपीएमसी भिंतीवर बसते आणि दोन्हींना आवर घालते. नुसता घट्टपणा पुरला असता तर ग्लिसरीननेही शेपूट गेली असती की!

न्यूक्लिओटाइड ऋण भाराचे. बफरचा प्रवाह दाबलात की पोलॅरिटी (धन-ऋण टोकं) उलटी करा, नाहीतर ते डिटेक्टरपर्यंत येणारच नाहीत. एएमपी, एडीपी, एटीपी हे एक, दोन, तीन फॉस्फेटचे न्यूक्लिओटाइड त्या फॉस्फेटच्या फरकाने सुटतात. पॉलिमरच्या जाळीची चाळण खरी लागते ती डीएनएच्या लांब तुकड्यांना, कारण त्यांचा भार लांबीच्याच प्रमाणात वाढतो आणि चाळणीशिवाय सगळे जवळपास एकाच वेगाने धावतात.

हो, एचपीएमसीऐवजी पीव्हीपी हे दुसरं पॉलिमर घेणार असाल तर २२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या खाली ते स्वतःच प्रकाश शोषतं. न्यूक्लिओटाइड २६० ला बघता, तिथे अडचण नाही. द्रावण कॅपिलरीत सुकू देऊ नका, चोंदते. आणि औषधाची आरशातली जोडी (एकमेकांची प्रतिबिंबं असलेली रूपं) सोडवायची असेल तर सायक्लोडेक्स्ट्रिनसारखा, ही रूपं ओळखणारा पदार्थ लागेल, एचपीएमसीने भागणार नाही.

गाइड अडवत असतील तर ऐकून घेऊन गप्प बसू नका. एकाच कॅपिलरीवर साधं आणि पॉलिमरचं, दोन्ही बफर चालवा आणि दोन्ही ग्राफ थीसिसमध्ये समोरासमोर लावा. साधं बफर मात्र आधी चालवा, पॉलिमर भिंतीवरून लगेच धुऊन जात नाही.