दप्तर हाती घेताना

सप्रेम जयभीम.

मंडळाची चिटणीस झालीस, याचा मला मनापासून आनंद आहे. गावच्या विहाराला दुसरा मजला आणि दारात कमान, हे तुझे बेत ऐकले. दोन्ही चांगले आहेत, पण आधी कपाटातलं जुनं दप्तर काढून वाच.

सुरुवातीच्या वह्यांत विहार कुठेच दिसणार नाही. दिसतील त्या वर्गणीच्या नोंदी, पगाराच्या दिवशी मुंबईच्या चाळीत फिरून गोळा केलेल्या. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. भारतीय बौद्ध महासभा त्यांनी आदल्याच वर्षी स्थापन केली होती, तरी वाडीवाडीत लग्न लावायला, मयतीनंतरचा जलदान विधी करायला माणूस आणायचा कुठून? भिक्खू मोजकेच. १९५१च्या शिरगणतीत देशभरात दोन लाखही बौद्ध नव्हते. १९६१ला एकट्या महाराष्ट्रात सुमारे २८ लाख झाले. एवढ्या घरांचं सुखदुःख गिरणीत खपणाऱ्या माणसांनी सांभाळलं. पाळी संपवून त्यांनी त्रिसरण-पंचशील पाठ केलं, एकमेकांकडून विधी शिकून घेतले. दीक्षा घेतलेल्या कोणालाही दुसऱ्याला दीक्षा देता येईल, असं बाबासाहेबांनी नागपुरातच सांगितलं होतं. त्या शब्दावर आपली मंडळं उभी राहिली.

मग १९८२चा गिरणी संप आला. त्या वर्षांच्या वहीत कितीतरी नावांपुढची जागा रिकामी आहे. कोणी गावी परतलं, कोणी पुढे नालासोपारा, दिवा, बदलापूर गाठलं. तरीही मंडळ मोडलं नाही, कारण वर्गणी थकली म्हणून कोणाचं नाव कापलं गेलं नाही आणि मयतीला माणसं जात राहिली. मंडळ खऱ्या अर्थाने वाढलं ते याच काळात, असं माझं ठाम मत आहे. विहार नंतर बांधला गेला.

आता कामाचं. विहाराची जागा कोणाच्या नावावर आहे, ते सातबाऱ्यावर स्वतः बघ. पुष्कळ वाड्यांत जागा तोंडी शब्दावर मिळालेली असते. देणारा मोठ्या मनाचा असतो, पण पुढे वारस वाढतात. ती संस्थेच्या नावावर झाल्याशिवाय दुसऱ्या मजल्याची वीटही आणू नकोस. दुसरं म्हणजे, विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज द्यावा लागतो. निवडणूक होते, हार घातले जातात आणि अर्ज राहून जातो. मग कागदावर वारलेली माणसंच विश्वस्त राहतात, बँकेतल्या सह्या अडतात आणि भांडण लागलं की कोणाकडेच अधिकार उरत नाही.

गावची शाखा आणि मुंबई मंडळ यांतली कुरबुर तुला ठाऊकच आहे. पैसा मुंबईचा म्हणून निर्णयही मुंबईचा, हे मला कधीच पटलं नाही. रोज विहार झाडून दिवा लावणारी माणसं गावातच राहतात. मजल्याचा ठराव गावच्या सभेत होऊ दे.

आणि महिला मंडळाबद्दल लिहायचं तर पानं पुरणार नाहीत. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासूनच्या पावसाळ्यात, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचायला तीन महिने विहारात बसतात त्या बहुतेक बायकाच. खिरीची पातेली त्याच उचलतात. विश्वस्तांच्या यादीत मात्र आजवर एकही बाई नव्हती, तुझंच नाव पहिलं. फेरफार अर्जात आणखी दोघींची नावं घालण्याचा आग्रह धर. मंडळाच्या घटनेत जागा वाढवावी लागली तर वाढवून घ्या. सर्वसाधारण सभेत मी तुझ्या बाजूने बोलेन.

आषाढी पौर्णिमा जवळ आली आहे. यंदा वाचनाला दहावी-बारावीच्या मुलांनाही आळीपाळीने बसव. उच्चार अडखळले तर म्हाताऱ्यांनी मध्येच टोकायचं नाही, हे मी त्यांना सांगून ठेवलं आहे. सातबाऱ्याचा उतारा मिळाला की मला पाठव.

तुझा,
काका