आधी पिशवी काट्यावर

माझं दुकान साताऱ्यात, राजवाड्याजवळ. काम दुरुस्तीचं. त्यामुळे नवाकोरा लॅपटॉप काचेच्या कपाटात कसा दिसतो यापेक्षा तीन वर्षं एसटी खाऊन तो माझ्या टेबलावर कसा येतो, हे मला जास्त ठाऊक. या वेळी प्रवासाच्या लॅपटॉपबद्दल तीन पत्रं निवडली आहेत. पहिलं मोठं आहे, उत्तरही मोठं झालंय.

प्रश्न: मी पतसंस्था आणि बँकांच्या शाखांचं ऑडिट करते. महिन्यातले पंधरा-सोळा दिवस प्रवास, कधी एसटी, कधी रात्रीची लातूर–मुंबई एक्स्प्रेस. सध्याचा लॅपटॉप १५.६ इंची, पाच वर्षांचा. उजवा खांदा इतका धरला की डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. (लॅपटॉपचं की माझं, ते विचारायचं राहिलं.) काम एक्सेल, टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन, म्हणजे यूएसबीला लावायची ती छोटी कांडी. मुलगा म्हणतो मॅकबुक एअर घे. दुकानदार म्हणतो हा घ्या, किलोच्याही आत आहे. काय करू? — एक वाचक, लातूर

उत्तर: ताई, दुकानात जायच्या आधी एक करा. उद्या कामाला निघताना जशी भरता तशी पिशवी भरा, आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. मग एकेक वस्तू बाहेर काढत आकडा लिहून घ्या. तुमचा धंदाच ऑडिटचा, तुम्हाला हे सांगायला नको.

मी हा उद्योग माझ्या एका गिऱ्हाइकाच्या पिशवीवर केला. औषधांच्या कंपनीचा एमआर, खांद्याची तक्रार हीच. पिशवी भरली ५ किलो ३१० ग्रॅम. त्यात लॅपटॉप २ किलो १०० ग्रॅम. बाकीचं काय? रिकामी पिशवीच ९५० ग्रॅम, कारण कंपनीने भेट दिलेली, आत फोमच्या गाद्या आणि नऊ चेन. चार्जर तीन पिनांच्या जाड वायरीसकट ४६० ग्रॅम. लिटरभर पाण्याची स्टीलची बाटली भरून १ किलो ३०० ग्रॅम. उरलेले ५०० ग्रॅम म्हणजे माउस, त्याची गादी, दोन डायऱ्या, आणि एक जुना चार्जर, जो कोणत्या फोनचा हे त्यालाही आठवेना. तो लॅपटॉप बदलून सव्वा किलोचा घेणार होता, म्हणजे साधारण साडेआठशे ग्रॅम वाचणार होते. मी त्याला चारशे ग्रॅमची साधी सॅक आणि छोटा चार्जर घ्यायला लावला, बाटली अर्ध्या लिटरची केली. लॅपटॉप तोच आणि वजन दीड किलोहून जास्त घटलं. लॅपटॉप त्याने पुढच्या दिवाळीला घेतला.

तुमचा लॅपटॉप पाच वर्षांचा आहे, तेव्हा बदला, माझी हरकत नाही. पण खांद्याला लॅपटॉपचं वेगळं वजन कळत नाही, त्याला सगळी पिशवी कळते. आता हाच हिशेब पुढे चालवू.

दुकानदार दाखवतोय तो किलोच्या आतला लॅपटॉप कोणता ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. एचपीचा पॅव्हिलियन एअरो १३ किलोच्या आत भरतो, त्याची बॅटरी ४३ वॉट-अवरची, म्हणजे तेवढी वीज तिच्यात मावते. एलजीचा ग्रॅम १४ हा ९९९ ग्रॅमचा, बॅटरी ७२ वॉट-अवरची. वजन जवळपास एकच, पण टाकी कुणाची केवढी बघा. एक्सेल आणि ब्राउझर उघडून साधं काम करताना लॅपटॉप तासाला ७ वॉट-अवरच्या आसपास खातो असं धरा. पहिला सहा तास चालेल, दुसरा दहा. सहा तासवाला घेतलात की तुम्ही पॉवर बँक घेणार, हे मी आत्ताच लिहून देतो. लॅपटॉप चार्ज करणारी २०,००० एमएएचची पॉवर बँक चारशे ग्रॅमच्या आसपास भरते. मग कुठे राहिला तुमचा किलोच्या आतला लॅपटॉप?

म्हणून जाहिरातीत वजनाच्या शेजारी बॅटरीचा वॉट-अवरचा आकडा बघा. '१८ तास चालते' या वाक्याकडे लक्षच देऊ नका. ते १८ तास स्क्रीन मंद करून एकच व्हिडिओ बघणाऱ्याचे असतात. तुमच्यासाठी ६० वॉट-अवरच्या खाली जाऊ नका. रेल्वेच्या डब्यात सॉकेट असतं हे खरं, पण आगीच्या भीतीने बऱ्याच गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ त्यातला प्रवाह बंद ठेवतात. आणि साध्या लालपरीत सॉकेटची आशाच नको.

चार्जरचं सांगतो, कारण इथे स्वस्तात वजन उतरतं. यूएसबी टाइप-सीवर चार्ज होणाराच लॅपटॉप घ्या. मग गॅलियम नायट्राइडवाला, म्हणजे दुकानात 'गॅन' म्हणतात तो, ६५ वॉटचा चार्जर मिळतो. सिलिकॉनपेक्षा यातले भाग जास्त वेगाने चालू-बंद होतात आणि तापतात कमी, त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर छोटा करता येतो. चार्जर काड्यापेटीच्या दोन-तीन पेट्यांएवढा, वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, आणि त्याच्यावरच तुमचा फोनही चार्ज होतो. एक सावधगिरी: बाजूला टाइप-सीचं भोक आहे म्हणजे त्यातून चार्ज होतोच असं नाही. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये ते फक्त डेटासाठी असतं आणि चार्जिंगला वेगळी गोल पिन. दुकानातच चार्जर लावून बघा, दिवा लागतो का.

आता मुलाचं मॅकबुक एअर. वस्तू उत्तम. १३ इंची एअर १ किलो २४० ग्रॅमचा, पंखा नाही, आवाज नाही. पण टॅली विंडोजवर चालतं, मॅकवर थेट नाही, आणि तुमचं अर्धं आयुष्य टॅलीत जातं. मधल्या वाटा काढता येतात, पण शाखेत मॅनेजर समोर बसलेला असताना त्या वाटांवर चालायची वेळ येऊ नये. तीच गोष्ट स्नॅपड्रॅगन चिपच्या विंडोज लॅपटॉपची. बॅटरीला फार चांगले, पण टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपला ते ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर, त्या चिपसाठी वेगळा लिहिलेला लागतो. तो नसेल तर टोकन लावून नुसतं बघत बसायचं. तुम्ही मुकाट्याने इंटेल किंवा एएमडीवर राहा.

स्क्रीन लहान झाली तर एक्सेल कसं दिसेल, ही भीती तुमच्या पत्रात नाही, पण ऑडिटवाल्या सगळ्यांना असते. मी पट्टी लावून मोजलंय. तुमची १५.६ इंची स्क्रीन, रुंदी-उंचीच्या जुन्या १६:९ मापाची, उंचीला १९.४ सेंटिमीटर. १४ इंची स्क्रीन १६:१० मापाची घेतली तर उंची १८.८. फरक अर्ध्या सेंटिमीटरचा, म्हणजे ओळी जवळजवळ तेवढ्याच. रुंदी मात्र चार सेंटिमीटरनी घटते, उजवीकडचे एक-दोन कॉलम जातात. १३ इंचीकडे जाऊ नका. चमकणाऱ्या काचेपेक्षा मॅट बरी, आणि उजेड ३०० निट्सच्या वर हवाच. खिडकीशी बसून काम करताना २५० निट्सच्या स्क्रीनवर आकड्यांऐवजी आपलंच तोंड दिसतं.

तुमची खरी अडचण वेगळीच आहे. १४ इंची हलक्या लॅपटॉपला उजवीकडचा आकड्यांचा कीपॅड नसतो. वीस वर्षं ज्याचा उजवा हात त्या कीपॅडवर न बघता फिरतोय, त्याला हे पहिल्याच दिवशी कळतं आणि तो मला फोन करून शिव्या घालतो. यूएसबीचा सुटा कीपॅड शंभर ग्रॅमच्या आसपास मिळतो. तो पिशवीच्या हिशेबात आत्ताच लिहून टाका. त्यासाठी आणि टोकनसाठी निदान एक जुनं, चौकोनी यूएसबीचं तोंड लॅपटॉपलाच असू द्या. जोडायचे तुकडे वेगळे घेतले की ते शाखेत विसरतात. माझ्याकडे अशा विसरलेल्या तुकड्यांची बरणी आहे.

आणि मेमरी, म्हणजे रॅम. हलक्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा ती बोर्डावरच डकवलेली असते. मागच्या महिन्यात एक शिक्षक आले, 'आठ जीबीची सोळा करून द्या.' मागचे स्क्रू काढून त्यांनाच आत बघायला सांगितलं. पातळ बोर्ड, दोन्ही बाजूंना बॅटरी, मध्ये नखाएवढ्या काळ्या चकत्या झाळलेल्या. खाच नाहीच, भरायचं कुठे? त्यांनी दोन वर्षांपूर्वी चार हजार वाचवले होते. तुम्ही पहिल्या दिवशीच १६ जीबी घ्या.

किंमती महिन्यागणिक हलतात, त्यामुळे एकच मॉडेल छापत नाही. १४ इंच, सव्वा ते १.४ किलो, ६० वॉट-अवरच्या वर, १६ जीबी, टाइप-सी चार्जिंग, एवढं कागदावर लिहून न्या आणि त्यातलं एकही दुकानदाराला खोडू देऊ नका. वॉरंटी घरी किंवा ऑफिसात येऊन दुरुस्त करणारी घ्या, तीन वर्षांची. लातूरहून पुण्याला लॅपटॉप पाठवून तुमचा मार्च निघणार नाही.

माझ्याकडे येणाऱ्या फुटलेल्या स्क्रीन पडून फुटलेल्या कमीच असतात. पिशवीत लॅपटॉपच्या झाकणाला टेकून चार्जर ठेवलेला, वर गर्दीत कुणीतरी पिशवीवर रेललेलं, बस. हलक्या लॅपटॉपचं झाकण पातळ असतं, ते वाकतं आणि आतली काच तडकते. चार्जर बाहेरच्या कप्प्यात टाका. आणि निघताना नुसतं झाकण मिटू नका. नवे लॅपटॉप झाकणाखाली अर्धवट जागे राहतात, कधी पिशवीतच जागे होऊन अपडेट घेतात, तापतात, आणि परळीला उतरेपर्यंत बॅटरी निम्मी. सेटिंगमध्ये जाऊन झाकण मिटल्यावर 'हायबरनेट', म्हणजे उघडं काम जपून पूर्ण बंद, असं करून घ्या, मुलाला पाच मिनिटं लागतील.

प्रश्न: भाचा अमेरिकेहून डिसेंबरात येतोय. तिथे लॅपटॉप स्वस्त मिळतो म्हणतात. त्याच्याकडून मागवू का? मला कामानिमित्त सतत दिल्ली–बंगळुरू करावं लागतं. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आणू शकतो. १८ वर्षांवरील प्रवाशाला सामानात एक लॅपटॉप जकातीशिवाय आणता येतो. एकच, हे लक्षात ठेवा. त्याचा स्वतःचा बरोबर असेल तर दुसऱ्यावर विमानतळावर प्रश्न येणार. मागवण्याआधी त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का ते मॉडेल नंबरासकट विचारून घ्या. काहींची चालते, काहींची फक्त घेतलेल्या देशात. स्वस्तातला फरक एका मदरबोर्डात जातो.

व्होल्टेजची काळजी नको, चार्जरवर '१००–२४०' छापलेलं असतं. पिनांची मात्र आहे. तिथल्या चपट्या पिनांना आपल्याकडे पन्नास रुपयांचं डगडगणारं सॉकेट लावतात, त्यात अर्थिंग जोडलं जात नाही. मग धातूच्या बॉडीवर मनगट ठेवलं की बारीक झिणझिण्या येतात. माझ्याकडे एक काका 'लॅपटॉप शॉक मारतो' म्हणून घाबरून आले होते. लॅपटॉपला काहीच झालं नव्हतं. चार्जरची वायर सुटी होत असेल तर तेवढी वायर इथली, तीन पिनांची घ्या, झालं. तिकडच्या कीबोर्डवर रुपयाचं चिन्ह छापलेलं नसतं. विंडोजमध्ये भारतीय इंग्रजी कीबोर्ड निवडला की उजवा ऑल्ट आणि ४ दाबून ते येतं.

विमानाचं म्हणाल, तर पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, चेक-इनला नाही. १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची साधारण ७४ होते. आकडा छापलेला नसला किंवा घासून गेला असला तर सुरक्षा तपासणीत ती तिथेच राहते.

प्रश्न: मी तालुक्याचा वार्ताहर. बातमी बसमध्येच मांडीवर लिहून पाठवतो. लॅपटॉपपेक्षा टॅब आणि कीबोर्ड हलका नाही का? — एक वाचक, दापोली

उत्तर: टॅब हलका, साडेचारशे-पाचशे ग्रॅम. पण त्याला चांगला कीबोर्डवाला कव्हर लावला की तो किलोच्या आसपास जातो, कारण टॅब मागे कलंडू नये म्हणून कव्हर मुद्दाम जड केलेला असतो. मागे पाय काढून उभा राहणारा टॅब तर मांडीवर विसरा. खेडच्या वळणांवर तो दोन गुडघ्यांच्या मध्ये पडतो. तुम्ही मराठीत लिहिता, फोनवर एवीतेवी बोलून टाइप करत असालच. तर फोनला जोडायचा दोनशे ग्रॅमचा घडीचा कीबोर्ड आधी आणून बघा. आवडला नाही तरी फार पैसे जाणार नाहीत. आणि लॅपटॉपच घ्यायचा ठरला तर दुकानात खुर्चीवर बसून तो मांडीवर ठेवा, एका बोटाने झाकण उघडा. खालचा भाग झाकणाबरोबर उचलला गेला तर तो तुमच्या कामाचा नाही.