वाचकांचे प्रश्न : हिशेबाचा प्रोग्रॅम आणि बँकेचा पासवर्ड

प्रश्न : आम्ही घाटंजी तालुक्यातील सहा मित्र आहोत. एक शिक्षक, एक सेतू केंद्र चालविणारा आणि बाकीचे कास्तकार. कापसाचे चुकारे, पीककर्जाची परतफेड, पीएम-किसानचे हप्ते कोणत्या खात्यात कधी आले हे जुळविण्यात फार वेळ जातो, म्हणून आम्ही हौसेने पायथन या संगणकाच्या भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचा आराखडा सोबत जोडला आहे. तो नेट बँकिंगमध्ये स्वतःच लॉगिन करून खात्याचा उतारा उतरवून घेतो. आता गावातील आणखी अकरा जणांना ही सोय हवी आहे. सर्वांचे पासवर्ड एका संगणकावर ठेवावेत, ओटीपीचे संदेश ॲपद्वारे त्याच संगणकाकडे वळवावेत आणि प्रोग्रॅम रोज रात्री चालवावा, असा विचार आहे. हे योग्य होईल काय?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : आपली गरज खरी आहे, आणि दिवसभराची कामे आटोपून सहा जणांनी मिळून ती भागविण्याचा प्रयत्न केला याचे मला मनापासून कौतुक वाटते. परंतु पासवर्ड गोळा करण्याचा बेत आपण आजच सोडून द्यावा.

बँकेतील माहिती ग्राहकाच्या संमतीने दुसरीकडे पोहोचविण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ या प्रकारच्या कंपन्यांचे नियम केले आणि २०२१ मध्ये ही व्यवस्था प्रत्यक्ष सुरू झाली. या कंपन्यांना परवाना घ्यावा लागतो, त्यांच्यामार्फत जाणारी माहिती कुलूपबंद असते, ती त्यांना स्वतःला वाचता येत नाही, आणि तरीही ग्राहकाचा पासवर्ड किंवा पिन मागण्यास व साठविण्यास त्यांना नियमानेच मनाई आहे. परवानाधारक कंपनीला जे करता येत नाही, ते सेतू केंद्रातील एका संगणकाने करावे हे मला कोणत्याही अंगाने पटत नाही. आपल्या मंडळाला या व्यवस्थेतून थेट माहिती घेता येईल काय, असेही आपल्या मनात आले असेल. तसे करता येणार नाही, कारण माहिती घेणारी संस्था रिझर्व्ह बँक, सेबी, विमा किंवा पेन्शन नियामक यांपैकी कोणाच्या तरी देखरेखीखालील असावी लागते.

नुकसान झाल्यास ते कोणाच्या माथी येईल, याचाही विचार करावा. अनधिकृत व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात, ग्राहकाने गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे त्यानेच सोसावे, असे म्हटले होते. आपल्यावर विश्वास टाकणाऱ्या अकरा जणांना आपण नेमके याच जागी नेऊन उभे करणार आहात. त्यातही ओटीपी वळविण्याची कल्पना सर्वांत धोक्याची आहे, कारण ओटीपी दुसऱ्या वाटेने यावा हाच त्याचा उपयोग असतो, आणि पासवर्डसोबत तोही त्याच संगणकावर आला की तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या एकाच खुंटीला टांगल्यासारखे होते.

मग सहकार्य कशाचे करावे? उतारा वाचणाऱ्या प्रोग्रॅमचे. प्रत्येकाने आपला उतारा स्वतः लॉगिन करून महिन्यातून एकदा उतरवावा आणि तो वाचण्याचे काम ज्याच्या त्याच्या संगणकावरच व्हावे. जगभरातील हौशी मंडळी अनेक वर्षांपासून असेच करीत आली आहेत. ‘लेजर’ हा साध्या मजकुराच्या फाइलीत हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम २००३ पासून आहे, आणि अशा प्रोग्रॅमसाठी एकेका बँकेचा उतारा वाचणारे तुकडे लोक एकमेकांना मोकळ्या मनाने देतात.

खरी मेहनतही याच ठिकाणी आहे. काही बँकांची एक्सेल म्हणून उतरविलेली फाइल प्रत्यक्षात टॅबने वेगळा केलेला मजकूर निघते. ‘१,०४,२००’ या रकमेतील स्वल्पविराम रकाना तोडणारा समजला गेला, तर एका रकमेच्या तीन रकमा होतात. ०३/०४ ही तारीख ३ एप्रिल की ४ मार्च, हे प्रोग्रॅमला आधीच सांगून ठेवावे लागते. म्हणून प्रत्येक ओळीवर शिल्लक पडताळण्याची सवय लावावी : आधीची शिल्लक १२,४१० रुपये, जिनिंगचा चुकारा ८६,५०० रुपये जमा, तर पुढची शिल्लक ९८,९१० रुपयेच आली पाहिजे. ती आली नाही तर प्रोग्रॅमने तेथेच थांबावे, अंदाजाने पुढे जाऊ नये. पीककर्जाच्या खात्यात मात्र शिल्लक ही देण्याची असते, त्यामुळे जमेची नोंद आली की ती कमी होते. तेथे हे गणित उलटे मांडावे.

आपल्या आराखड्यात मला आणखी एक चूक दिसली. २,००० रुपयांची प्रत्येक जमा आपण पीएम-किसानच्या नावावर टाकली आहे. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा हप्ताही २,००० रुपयांचाच असतो, तेव्हा रकमेवरून नव्हे, तर नोंदीच्या तपशिलावरून वर्गवारी करावी. तसेच दोन उताऱ्यांचे दिवस एकमेकांवर आले की नोंदी दुहेरी होतात. परंतु एकाच दिवशी एकाच टपरीवर दोनदा दिलेले वीस-वीस रुपये हे खरोखर दोन व्यवहार असतात. त्यांतील फरक यूपीआयच्या बारा अंकी संदर्भ क्रमांकावरून कळतो.

प्रोग्रॅम तपासण्यासाठी कोणाचाही खरा उतारा गटात फिरवू नये. यूपीआयच्या तपशिलात समोरच्याचे नाव आणि पुष्कळदा मोबाइल क्रमांकही असतो, म्हणजे ज्यांना आपण विचारलेही नाही अशा माणसांची माहिती त्यासोबत जाते. केवळ नाव खोडूनही भागत नाही. कोणत्या दिवशी कोणाचा किती क्विंटल कापूस गेला हे गावाला ठाऊक असते, त्यामुळे रक्कम आणि तारीख पाहून खाते कोणाचे ते ओळखता येते. दवाखान्याचा खर्च, सावकाराला दिलेले पैसे हेही त्याच कागदावर असते. रकाने व तारखेची ठेवण तीच ठेवून रकमा, नावे आणि दिवस सर्व काल्पनिक असलेला नमुना आपण तयार करावा, मात्र त्यातील शिल्लक जुळली पाहिजे. गिटमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइलींतील प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या साधनात, खरा उतारा एकदा नोंदला गेला, तर फाइल पुसल्यानंतरही ती जुन्या नोंदींत शिल्लक राहते, हेही ध्यानात असू द्यावे.

आपल्या सहा जणांचे पासवर्ड सध्या प्रोग्रॅममध्येच लिहिलेले आहेत. ते सर्वांनी आज बदलावेत.

प्रश्न : आमचे खाते जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत आहे आणि हाती फक्त पासबुक आहे. अशा प्रोग्रॅमचा आम्हाला काही उपयोग होईल काय?
— एक वाचक, जि. वाशीम

उत्तर : होईल. शाखेत अर्ज करून उताऱ्याची फाइल मिळते काय, हे प्रथम विचारावे. मिळत नसेल तर तारीख, तपशील, नावे (म्हणजे खात्यातून गेलेली रक्कम), जमा आणि शिल्लक असे पाच रकाने हाताने भरावेत. पासबुकाचा फोटो काढून अक्षरे ओळखणारे ॲप वापरले, तर फिक्या शाईतील ३ आणि ८ यांची गल्लत होते. म्हणून छापलेली शिल्लकही अवश्य लिहावी, म्हणजे वर सांगितलेल्या पडताळणीत चूक कोणत्या ओळीत आहे ते सापडेल.