गॅल्व्हनाइज आणि मोटिव्हेट एकच का?

इंग्रजीत ‘मोटिव्हेट’च्या जागी ‘गॅल्व्हनाइज’ चालेल का आणि मराठीत त्याला काय म्हणायचं, असं तुम्ही विचारलंय. चालणार नाही. मराठी शब्दावरून मात्र मी एकदा चांगलीच भांडले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

भाषांतराच्या कामात एक अहवाल आला होता. तळ्यात दोन मुलं बुडाली, त्या घटनेनं वस्तीला ‘गॅल्व्हनाइज’ केलं आणि लोकांनी पाठपुरावा करून तळ्याला कुंपण घालून घेतलं, असा मजकूर. मी लिहिलं, ‘मुलं बुडाली आणि सगळी वस्ती खडबडून जागी झाली.’ तपासणाऱ्या वरिष्ठांनी ते खोडून वर लिहिलं, ‘या घटनेमुळे रहिवासी प्रेरित झाले.’ मुलं बुडाल्यावर कोणी प्रेरित होतं का? मी हरकत घेतली तर त्यांनी कोश पुढे केला. एका क्रियापदाला इतके शब्द कशाला, हेही ऐकवलं. छापून तेच आलं. मला ते वाक्य अजून खुपतं.

‘गॅल्व्हनाइज’ या शब्दात झटका आहे, तोही बाहेरून बसलेला. इटलीतल्या बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानी या शास्त्रज्ञानं पाहिलं की मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन वेगळे धातू जोडून लावले की पाय ताडकन उडतो. 1791 साली त्यानं हे प्रसिद्ध केलं. वीज प्राण्याच्या अंगातच असते, असं त्याचं म्हणणं. व्होल्टा हा दुसरा इटालियन शास्त्रज्ञ म्हणाला, ती धातूंमुळे येते. त्या वादातूनच 1800 साली व्होल्टाची बॅटरी आली. गॅल्व्हानीचा भाचा अल्दिनी यानं 1803 मध्ये लंडनला फाशी दिलेल्या एका माणसाच्या देहाला वीज लावली, तेव्हा जबडा थरथरला आणि एक डोळा उघडला. निपचित पडलेलं एकदम हलतं, ते हे. इथे ‘प्रेरणा’ कुठे बसते?

(वाक्यात पत्रा, पाइप किंवा खिळे असतील तर अर्थ जस्ताचा थर देणं. नाव त्याच गॅल्व्हानीचं.)

वापरताना कर्ता बहुधा घटना असते: निकाल, बातमी, मृत्यू, एखादं भाषण. कर्म म्हणजे तोवर स्वस्थ बसलेले लोक. पुढे अनेकदा ‘इन्टू अ‍ॅक्शन’ येतं. ‘बाबांनी मला रोज अभ्यासाला गॅल्व्हनाइज केलं’ हे चूक, कारण झटका रोज बसत नाही. मराठीत संदर्भ पाहून खडबडून जागं करणं, चेतवणं, हलवून सोडणं. राग असेल तर पेटून उठणं. चार शब्द लागले तर चार लिहावेत, कोशातल्या एका शब्दासाठी वाक्य मारू नये.

‘गॅल्व्हनाइज सपोर्ट’मध्ये मात्र झटका फिका झालाय, तिथे ‘पाठिंबा एकवटणं’ बरोबर. आणि प्रेरणादायी भाषणाबद्दल असेल तर ‘प्रेरित करणं’सुद्धा खपतं, एवढं त्या वरिष्ठांचं मान्य. परीक्षेत एकच शब्द मागितला तर ‘चेतवणे’ लिहा.