‘उमेदवाराचा खुलासा’ : बाजू मांडली की बिंग फोडलं?

चाळीसगावकडचा प्रश्न आहे. प्रचाराच्या बातमीला मथळा होता, ‘जुन्या गुन्ह्याबाबत उमेदवाराचा खुलासा’. यात उमेदवाराने स्वतःची बाजू मांडली, की विरोधकाचं बिंग फोडलं?

मराठीपुरतं बोलायचं तर बाजू मांडली. ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं, खुलासा त्याने करायचा. कचेरीतली नोटीस आठवा : ‘सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.’ मूळ अरबी शब्दाचा अर्थ सार, अर्क. मराठीत तो स्पष्टीकरणावर स्थिरावला, गुजराती ‘खुलासो’ही तसाच. हिंदी वाहिन्यांवर मात्र ‘बडा खुलासा’ म्हणजे गौप्यस्फोट. खानदेशाच्या एका अंगाला सुरत, दुसऱ्या अंगाला बऱ्हाणपूर. त्यामुळे गुजरातलगतच्या नवापूरचा वाचक गोंधळणार नाही, हिंदी मुलखालगतच्या रावेरचा गोंधळेल! मथळा देणाऱ्याने ‘स्वतःवरील आरोपांबाबत’ एवढे दोन शब्द घातले असते तर प्रश्नच उरला नसता.

खुलाशात आरोप नाकारलेला असतोच असं नाही. ‘गुन्हा दाखल आहे, पण तो कापसाच्या भावासाठी केलेल्या रास्ता रोकोचा’ हा खुलासा झाला. ‘मना काय संबंध?’ म्हणत उमेदवार पुढच्या गावाला निघाला, तर तो नुसता इन्कार. ‘आरोप फेटाळला’ याचं वजन इन्काराइतकंच, फक्त ऐकायला न्यायाधीशाने निकाल दिल्यासारखं वाटतं. ‘खंडन’ला पुरावा लागतो. कागद न दाखवता केलेल्या इन्काराला बातमीदार सर्रास ‘खंडन’ म्हणतात, ते चूक.

कागद कोणता? विधानसभेच्या उमेदवाराला नमुना 26 च्या प्रतिज्ञापत्रात प्रलंबित गुन्ह्याचा क्रमांक, पोलीस ठाणे, न्यायालय, कलमं आणि दोषारोप निश्चित झालेत का, हे सगळं लिहावं लागतं. खुलासा याच्याशी ताडून पाहावा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर हीच माहिती प्रचारकाळात तीनदा वृत्तपत्रांत आणि टीव्हीवर द्यावी लागते. त्या जाहिरातीला खुलासा म्हणू नये. कोणी जाब विचारलेला नसतो. ते प्रकटन.

सर्वांत जास्त घसरण ‘मी निर्दोष सुटलोय’ या वाक्यात होते. खटला पूर्ण चालून न्यायालयाने सोडलं तर निर्दोष. दोषारोप ठेवण्याआधीच नाव वगळलं, तर वृत्तपत्री मराठीत ‘दोषमुक्त’. आणि जामीन म्हणजे यातलं काहीच नव्हे, खटला उभाच असतो. जामिनावरच्या माणसाने ‘सुटलो’ म्हटलं तर शब्द खोटा नाही, पण ऐकणारा ‘निर्दोष’ ऐकतो.

अशा वेळी बातमीदार लिहितो ती ‘सारवासारव’. उखडलेल्या जमिनीवर शेणाचा हात फिरवला की ओली असेपर्यंत भेगा दिसत नाहीत, वाळली की पुन्हा दिसतात. हा शब्द कोणताही उमेदवार स्वतःबद्दल वापरत नाही. तो खुलासाच करत असतो.