हा हट्ट नाही, अ‍ॅप्रॅक्सिया असू शकतो

आपण लिहिले आहे की पक्षाघातानंतर वडिलांच्या हातात ताकद परत आली, तरी कंगवा दिला की ते तो दातांकडे नेतात आणि ‘नमस्कार करा’ म्हटले की नुसते बघत राहतात. उलट कुणी पाहुणा दारात आला की त्यांचे हात आपसूक जोडले जातात, म्हणून घरच्यांना हा हट्ट वाटतो. आपोआप जमणे आणि सांगितल्यावर न जमणे, ही तर अ‍ॅप्रॅक्सियाची, म्हणजे ताकद असूनही शिकलेली हालचाल ठरवून न जमण्याची, ओळखीची खूण आहे. कृपया त्यांच्यावर रागावू नका.

शिकलेल्या हालचालींचा आराखडा बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या भागात सांभाळला जातो, त्यामुळे तिथे इजा झाली की स्नायू शाबूत असूनही कृती चुकते, आणि अशक्तपणा उजव्या अंगाला असला तरी डावा हातही गोंधळतो. जर्मन डॉक्टर ह्यूगो लीपमान यांनी १९०० साली वर्णन केलेला रुग्ण मात्र वेगळा होता: सांगितलेली कृती उजव्या हाताने चुकायची आणि डाव्या हाताने बरोबर व्हायची. मेंदूच्या डाव्या भागातील इजेत अनेकदा भाषेलाही धक्का बसतो. म्हणून बोललेले वडिलांना समजते का, हे न्यूरोलॉजिस्टकडून आधी तपासून घ्यावे, कारण न समजणे आणि न जमणे यांत फार फरक आहे.

माझ्या यजमानांच्या बाबतीत तोंडी सूचना कमी केल्यावरच फरक पडला. सकाळी पोह्यांची बशी समोर ठेवून, चमचा त्यांच्या मुठीत देऊन, माझा हात त्यांच्या हातावर ठेवून पहिला घास आम्ही दोघे मिळून उचलत असू. चुकीची हालचाल होण्याआधीच हात वळवायचा, चुकल्यावर टोकायचे नाही. कृती तिच्याच वेळी, तिच्याच जागी आणि खऱ्या वस्तूने करून घ्यावी; आंघोळ म्हणजे बादली, तांब्या आणि साबण. एका कामातील सुधारणा दुसऱ्या कामात सहसा आपोआप उतरत नाही, त्यामुळे वडिलांना सर्वांत हवीशी असलेली दोनतीन कामे निवडा. आपण नागपुरातच आहात, तर मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयाच्या) ऑक्युपेशनल थेरपी विभागात, म्हणजे रोजची कामे पुन्हा शिकवणाऱ्या विभागात, जरूर दाखवा. नुसत्या व्यायामाने ताकद वाढेल, पण हा प्रश्न ताकदीचा नाही.

गॅस, गीझर, दाढीचे पाते आणि आता उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरणे ही कामे तूर्त त्यांना एकट्याने करू देऊ नयेत.