मालिकेतल्या मैत्रिणीने विश्वासघात केला तर

प्रश्न : माझे वय 38 आहे. नोकरी, संसार, मुले सगळे व्यवस्थित आहे. गेली काही वर्षे मी एक मालिका न चुकता पाहत आले आहे. तिची नायिका वकील आहे, मुलीला एकटीने वाढवते आणि कोणापुढेही न डगमगता बोलते. ऑफिसमध्ये माझी बढती डावलली गेली, तेव्हा साहेबांच्या केबिनमध्ये जाण्याआधी मी वॉशरूमच्या आरशासमोर उभी राहून तिचे एक वाक्य तिच्याच ढंगात म्हणून पाहिले आणि मगच आत गेले. गेल्या महिन्यात याच नायिकेने, आपल्याला फसवून सोडून गेलेल्या नवऱ्याला एका भागात माफ करून टाकले आणि त्याच्यासाठी वकिलीही सोडली. मला रडू आवरेना. तेव्हापासून रात्री झोप लागत नाही. नवरा म्हणाला, "अगं, ती काय खरी आहे का?" रागाच्या भरात मी त्या अभिनेत्रीला फार वाईट शब्दांत मेसेज पाठवला, त्याची आता लाज वाटते. मला काही मानसिक आजार झाला आहे का? मालिका पाहणे सोडून द्यावे का?

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याचीच धास्ती तुम्ही घेतलेली दिसते. पडद्यावरच्या व्यक्तीचा इतका लळा लागणे हा आजार नाही. ती स्त्री प्रत्यक्षात नाही हे तुम्हाला पुरेपूर ठाऊक आहे आणि ते ठाऊक असूनही तुम्हाला रडू आले. या दोन्ही गोष्टी एकाच मनात सुखाने नांदू शकतात. दूरदर्शन घराघरांत नुकतेच पोचत होते त्या काळात, 1956 मध्ये, डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी प्रेक्षकांना पडद्यावरच्या माणसांविषयी वाटणाऱ्या या एकतर्फी जवळिकीवर लेख लिहिला. अभ्यासक तिला तेव्हापासून 'पॅरासोशल' नाते म्हणतात. या दोघांनीही त्या नात्याला विकृती ठरवले नव्हते. माणसाच्या आयुष्यातल्या बाकी सगळ्या नात्यांची जागा ते एकटेच घेऊ लागले, तरच काळजीचे कारण आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

हा लळा लागतो कसा, तेही पाहा. एखादी व्यक्ती वर्षानुवर्षे ठरलेल्या वेळी तुमच्या घरात येते. कॅमेरा तिचा चेहरा इतक्या जवळून दाखवतो, की एरवी इतक्या जवळून आपण फक्त आपल्या माणसांचेच चेहरे पाहिलेले असतात. डोळ्यांत पाणी तरळण्याआधी ओठांच्या कडेला होणारी किंचित थरथरसुद्धा तुम्हाला दिसते. त्याहून मोठी गोष्ट अशी, की ती एकटी असतानाही तुम्ही तिला पाहता. सगळ्यांना धीर देऊन झाल्यावर खोलीचे दार लावून ती कशी कोसळते, हे तिच्या मुलीला माहीत नसते, पण तुम्हाला माहीत असते. तुमची सख्खी बहीण दार लावून घेतल्यावर काय करते, हे तुम्ही कधी पाहिले आहे का? म्हणजे एका अर्थाने ही नायिका तुम्हाला नात्यातल्या कित्येकांपेक्षा अधिक उलगडलेली आहे. शिवाय तिने तुमच्याकडे कधी काही मागितले नाही, तुम्हाला नावे ठेवली नाहीत, तुमची तुलना कोणाशी केली नाही. अशा सहवासातून जवळीक वाटली नसती, तर उलट त्याचेच आश्चर्य वाटायला हवे होते.

आता तुमच्या दुःखाकडे वळते. आवडती मालिका संपते किंवा त्यातली व्यक्ती निघून जाते, तेव्हा प्रेक्षकांना होणाऱ्या त्रासाचाही अभ्यास झालेला आहे. तो त्रास खऱ्या नात्याच्या ताटातुटीसारखाच असतो, मात्र साधारणपणे तिच्याहून सौम्य असतो, असे त्यात दिसून आले. तुमची नायिका तर गेलेली नाही, ती तिथेच आहे, पण वेगळीच कोणी होऊन, आणि माझ्या मते हे सोसायला अधिक कठीण असते. निघून गेलेल्या माणसाची आठवण तरी शाबूत राहते. इथे मात्र जुन्या आठवणींवरच नवा प्रसंग येऊन बसला आहे आणि आधीचे सगळे खोटे होते की काय, अशी शंका तुम्हाला येऊ लागली आहे.

"ती असे करणारच नाही" असे तुम्हाला वाटले असेल, तर तुमचे चुकलेले नाही. तुम्ही तिचा स्वभाव बारकाईने जाणता आणि तो स्वभाव लिहिणाऱ्यांनी मोडला आहे. लांबत जाणाऱ्या मालिकेचे कथानक अनेकदा लेखकांचा गट लिहितो. लेखक बदलतात, प्रेक्षकसंख्येचे आकडे खालीवर होतात, कलाकारांचे करार संपत येतात आणि या सगळ्याचे ओझे शेवटी पात्राच्या स्वभावावर पडते. आपल्या आवडत्या पात्राचे लेखकाने असे काही केले म्हणून वाचक खवळण्याची गोष्ट दूरदर्शनच्याही आधीची आहे. आर्थर कॉनन डॉइल यांनी 1893 मध्ये शेरलॉक होम्सला कथेत मारून टाकले, तेव्हा वाचकांनी संतापून पत्रे लिहिली, आणि 1903 मध्ये लेखकाला त्याला पुन्हा जिवंत करून आणावे लागले. वर्षानुवर्षे अन्यायाशी झगडणारी स्त्री एका भागात सगळे विसरते, असे दाखवणे हा तिच्यावर आणि तिला मनापासून पाहणाऱ्यांवर अन्यायच आहे, असे माझेही स्पष्ट मत आहे. तुमचा राग योग्य आहे, तो चुकीच्या दारी गेला एवढेच, आणि त्याविषयी पुढे लिहिते.

पण नुसत्या रागाने एवढे दिवस झोप उडत नाही. तुमच्या पत्रातला केबिनचा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला, आणि मला वाटते, खरी दुखरी जागा तिथे आहे. त्या दिवशीचे धैर्य तुम्ही तिच्या नावावर जमा करून ठेवले आहे. त्यामुळे ती नमली, तेव्हा आपले धैर्यही उसने आणि पोकळ होते, असे तुम्हाला वाटले असावे. या दोन प्रसंगांतला फरक नीट पाहा. न्यायालयात उभी राहून बोलताना त्या नायिकेला पुढचे वाक्य लिहून दिलेले होते, समोरचा काय उत्तर देणार हेही ठरलेले होते आणि शब्द अडखळला असता, तर तेच दृश्य पुन्हा चित्रित झाले असते. तुम्ही केबिनचे दार ढकलले, तेव्हा यातले काहीही तुमच्या हाताशी नव्हते. साहेब काय म्हणतील हे तुम्हाला ठाऊक नव्हते, बोलणे अंगाशी आले असते, तर त्याचे परिणाम दुसऱ्या दिवशी त्याच ऑफिसात बसून तुम्हालाच भोगायचे होते, आणि आरशासमोर घोकलेले ते एक वाक्य बोलून झाल्यावर पुढचे सगळे तुमच्याच मनातून आले असणार. तिने तुम्हाला सुरुवात करून दिली, हे तिचे देणे खरेच आहे आणि ते नाकारायचेही कारण नाही. लेखकांनी आता तिच्याकडून काहीही करवून घेतले, तरी त्या दिवशी तुम्ही आत गेलात आणि बोललात, यात काडीचाही फरक पडत नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकली. एवढ्या मोठ्या प्रसंगात तुमच्या पाठीशी कोण होते, हे सांगताना पत्रात एकाही हाडामांसाच्या माणसाचे नाव येत नाही. आवडत्या मालिकेच्या आठवणीने एकटेपणाची बोच कमी होते, असे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले होते, त्यामुळे तुम्ही तिचा आधार घेतलात यात गैर काही नाही. पण तुम्ही रात्री का तळमळता, हे ती विचारू शकत नाही, आणि तुमचा नवरा विचारू शकतो. त्यांचे "ती काय खरी आहे का?" हे वाक्य तुम्हाला लागले, ते मी समजू शकते. तरी त्यांना त्या आरशाची गोष्ट माहीत आहे का, याचा विचार करा. बहुधा नसावी. त्यांच्यापुढे मालिकेची बाजू मांडू नका. मुले झोपल्यावर एकदा बढती डावलली गेल्यापासून केबिनमधून बाहेर येईपर्यंतची सगळी हकीगत सांगा, आणि आपण इतक्या घाबरलो होतो, हेही सांगा. मग आपली बायको कोणासाठी रडली, हे त्यांना वेगळे समजावून द्यावे लागणार नाही, असा माझा अंदाज आहे. ते हसण्यावारी नेतीलच अशी भीती वाटत असेल, तर जवळच्या मैत्रिणीला सांगा, पण कोणाला तरी नक्की सांगा.

त्या अभिनेत्रीची माफी मागा. दोन ओळी पुरेत : रागाच्या भरात अयोग्य लिहिले, त्याबद्दल मनापासून क्षमा मागते. मालिका तुम्हाला किती प्रिय होती, तुम्ही किती दुखावल्या गेलात, हे काही त्यात लिहू नका आणि उत्तराची अपेक्षाही ठेवू नका. तिने हाती आलेले संवाद म्हटले, तो तिचा व्यवसाय आहे, आणि कदाचित हे वळण तिलाही पटले नसेल. कथानकाबद्दलची नाराजी वाहिनीला किंवा निर्मात्यांना सभ्य शब्दांत जरूर कळवा. प्रेक्षकाचा तो हक्कच आहे.

मालिका सोडण्याची शपथ घेऊ नका. सध्या निदान झोपण्यापूर्वी ती पाहू नका आणि तिच्यावरच्या चर्चाही वाचत बसू नका. काही दिवसांनी ती पुन्हा लावावीशी वाटली तर लावा, नाही वाटली तर तिचे जे भाग तुम्हाला प्रिय आहेत, तिथेच तुमच्यापुरती ती संपली असे माना. कथा कुठे संपली, हे ठरवण्याचा अधिकार पाहणाऱ्यालाही असतो. एवढे करूनही आणखी दोनेक आठवडे झोप आली नाही, रडू येत राहिले किंवा कामात लक्ष लागेनासे झाले, तर समुपदेशकाची भेट घ्या. तिथे बोलायला सुरुवात मालिकेपासून केलीत तरी संकोच करू नका.